मामा, ह्यात आपलं बेळगाव कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी गिऱ्हाईक असलं की एवढं बोलायला सवड होत नाही.

माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे, बेळगावात. काउंटरच्या मागं गणपती, शिवाजी महाराज, लग्नाचे जोडफोटो आणि त्यांच्या वर ओळीनं सात चौकटी. निळ्या रंगवलेल्या प्लायवर लाकडाचे तुकडे बसवलेत. पहिल्या चौकटीत सगळे एकमेकांना चिकटलेले, सातव्या चौकटीत शाळेतल्या नकाशासारखे पांगलेले. एका बाईंनी हे वास्तूसाठी लावतात काय म्हणून विचारलं होतं. पृथ्वीचे खंड कसकसे सरकत गेले ते आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मामा, ह्यात आपलं बेळगाव कुठं आलं ओ?"

सीमाभागातला माणूस नकाशा दिसला की आधी रेघ कुठनं गेलीय ते बघतो. 1956 पासूनची सवय. माझ्या चौकटींत रेघच नाही, मग तो निदान गाव तरी शोधतो.

आधी मी तयार संच मागवला होता. दिसायला देखणा. पण सगळ्या चौकटींत भारत तोच, खाली निमुळता आणि वर काश्मीरचा मुकुट, होडीसारखा दक्षिणेकडनं वर येतोय. अहो, हिमालय झालाच मुळी आशियाशी धडक बसल्यावर; आधीपासून मुकुट कुठला? उत्तरेकडं बरीच जास्त जमीन होती, ती चुरगळून हिमालयात आणि तिबेटाखाली गेली. संच परत केला, पैसे यायला दीड महिना लागला, आणि तेवढ्यात मी स्वतःच कापायला घेतलं.

आमच्या धंद्याची सगळी अक्कल सांध्यात. पट्टी 45 अंशात कापली की कोपऱ्यात फट दिसता कामा नये. दक्षिण अमेरिका नि आफ्रिका जुळवायला बसलो, तर किनारे मिळतेजुळते दिसत होते, पण सांधा काही बसेना. दोनदा लाकूड वाया गेलं. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, किनाऱ्यावर कापू नका. किनारा म्हणजे आज पाणी जिथवर आलंय तेवढंच. जमिनीची खरी कड पाण्याखाली आहे." 1965 साली इंग्लंडात काही शास्त्रज्ञांनी सुमारे 900 मीटर खोलीवरची कड धरून कॉम्प्युटरवर हेच खंड जोडून बघितले होते. मीही त्या कडेनं कापलं. दोन-चार ठिकाणी पॉलिशपेपर मारला आणि बसला की सांधा! त्या रात्री घरी जेवायचं विसरलो होतो.

हे खंड सरकतात असं 1912 मध्ये वेगेनर नावाच्या जर्मन माणसानं मांडलं. हा गडी हवामानशास्त्रातला. आमच्या अंगणात हा कोण, म्हणून भूगर्भवाले त्याच्यावर चिडले. शिवाय एवढे खंड ढकलतं कोण, ह्याचं धड उत्तर त्याच्याकडं नव्हतं. 1930 मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. समुद्राचा तळ तपासल्यावर 1960 नंतर लोकांनी मानलं. दक्षिणेकडच्या जोडलेल्या खंडाला जगभर गोंडवाना म्हणतात, ते आपल्या गोंडांच्या मुलखावरनं, हे मात्र गिऱ्हाइकांना आवडतं.

पहिला प्रयत्न एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर केला ही माझी चूक. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्टात चौथ्या चौकटीतला भारत फुगला आणि परत मादागास्करला जाऊन भिडला. मग सगळं नव्यानं, सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतनं.

आता बेळगाव. पितळी खिळा प्रत्येक चौकटीत ठोकायचा म्हणून सात खिळे काढून ठेवले होते. पहिली चौकट 20 कोटी वर्षांपूर्वीची, चौथी सुमारे 9 कोटींची. मादागास्कर सुटला तेव्हा उफाळलेल्या लाव्ह्याचे खांब उडुपीजवळ सेंट मेरी बेटांवर आजही उभे आहेत; मालपेला सहलीला जाणारे त्यावर बसून फोटो काढतात. पण ह्या चारही चौकटींत बेळगावचा खिळा ठोकता येईना. कारण आपण ज्यावर उभे आहोत तो काळा दगड तेव्हा नव्हताच. तो आला पाचव्या चौकटीत, 6.6 कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या खाली असताना. लाव्ह्याचे थरावर थर पसरत इथपर्यंत आले. आपण घराला लावतो तो तांबडा चिरा त्यानंतरचा, पावसापाण्यात काळा दगड कुजून झालेला. खाली जुना दगड असणारच, पण त्याला बेळगाव म्हणायला माझं मन धजेना. म्हणून बेळगावचे खिळे तीनच.

लाव्ह्याची दक्षिणेकडची कड आपल्याच जिल्ह्यातनं जाते. तिकडं गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली उडी घेते, तो कडा लाव्ह्याचा नाही. तो गुलाबीसर दगड पहिल्या चौकटीहूनही कितीतरी जुना. खंड चिकटले, सुटले, भारत एका काळात वर्षाला 15 सेंटीमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या छोट्या पट्टीएवढा धावला, आशियावर आदळून आता 5 सेंटीमीटरवर आला. ह्या सगळ्यात गोकाकच्या कड्याचा दगड सोबत होता. त्याचे खिळे साती चौकटींत आहेत. लोकांना पहिल्या चौकटीत एकच खिळा दिसतो आणि ते त्यालाच बेळगाव समजतात. मग मला सगळं सांगावं लागतं.

गेल्या दिवाळीआधी गोकाकच्या एक आजी यजमानांचा फोटो फ्रेम करायला आल्या होत्या. काच बसेपर्यंत त्यांनाही हे सगळं ऐकवलं. त्या निवांत ऐकत होत्या. खिळे बोट लावून मोजले, एकदा वरनं, एकदा खालनं.

"म्हंजे आम्ही थोरले की ओ," म्हणाल्या. "मग वीस रुपये कमी घ्या."

घेतले.