ब्राइन श्रिंपची अंडी फुटत नाहीत? आधी डबा बघा

ब्राइन श्रिंप म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात, ती घरी फोडून माशांच्या पिल्लांना खाऊ घालतात. हे खाणं समुद्री घोड्यांसाठी हवं असेल, तर आधी त्यांचं बोलून टाकू. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते २००१ पासून संरक्षित आहेत. दुकानदार हळूच ‘एक जोडी आहे’ म्हणाला तरी काढता पाय घ्यावा. मात्र त्यांच्या पिल्लांचं खाणं, म्हणजे नुकती फुटलेली ब्राइन श्रिंप, क्लाउनफिशच्या पिल्लांनाही लागतं. पहिला आठवडाभर रोटिफर (पाण्यातले त्याहून सूक्ष्म जीव), मग हे.

ठाण्यात अंडी फुटली नाहीत की लोक हीटर आणतात. गरज नसते. २६ ते २८ अंश पुरतात, आणि थंडीचे दिवस सोडले तर घरात तेवढं असतंच. घोटाळा असतो पावसाळ्याचा. उघडा डबा दमट हवेतला ओलावा ओढतो, अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो आणि तिथेच संपतो. कोरडी अंडी बारीक रव्यासारखी सुळसुळतात. चमच्याला चिकटली, गुठळी झाली, तर समजायचं काय ते.

म्हणून डबा आणल्याबरोबर अंडी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्यांत भरा, त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार काचेवर दव धरतं, ते आत जातं. अर्धा तास थांबा.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, झाकण घट्ट लावून, बूड कापून उलटी. त्यात दीड लिटर पाणी. नळाचं असेल तर रात्रभर हवा मारून क्लोरीन घालवलेलं. दोन सपाट मोठे चमचे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा अंडी. पंपाची हवेची नळी थेट खाली, बाटलीच्या तोंडापर्यंत. एअरस्टोन (नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड) नको, त्याच्या बारीक बुडबुड्यांत अंडी फेसाबरोबर वर चढून काठाला चिकटतात. दिवा जवळ. साधारण २४ तास, डिसेंबरात ३६.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर, न फुटलेली अंडी अगदी तळाशी. खालून टॉर्च धरली की केशरी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. आधी तळाचा गाळ सोडून द्या, मग पिल्लं नळीने ओढून घ्या. टरफलं गेली तर छोट्या माशांचं आतडं अडतं, तेव्हा इथे घाई नको. बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुऊन लगेच घाला; पोटातला बलक काही तासांत सरतो आणि मग नुसतं टरफल खाऊ घातल्यासारखं होतं. उरलेली मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये, फार तर एक दिवस.