दिवाळी लायटिंगची फ्रँचायझी घ्यावी का? आधी दसरा ते वसुबारस दिवस मोजा

दसरा ते वसुबारस हे अंतर साधारण १५ ते १७ दिवसांचं. घरांवरच्या दिवाळी लायटिंगचं जवळजवळ सगळं काम याच दिवसांत उरकावं लागतं. दसऱ्याआधी सहसा कुणी माळा लावून घेत नाही, आणि वसुबारस उलटल्यावर लावायला गेलात तर पैशांची घासाघीस सुरू होते. फ्रँचायझीचा विचार करणारे जळगाव-धुळ्यात बंगले किती आणि लोकांच्या हातात पैसा किती, हे मोजतात. गिऱ्हाईक मिळेलही. पण त्या पंधरवड्यात तुमची माणसं किती गच्च्यांवर चढू शकतात, यावर तुमची कमाई ठरते आणि तो आकडा कुठलाही ब्रँड वाढवून देत नाही.

घरांवर माळा लावून देण्याच्या धंद्याची ही कल्पना मुळात अमेरिकेतली. हिवाळ्यात हिरवळ राखायची कामं थांबली की तेच लोक तीच गाडी, त्याच शिड्या आणि तेच मजूर घेऊन ख्रिसमसच्या माळा लावायला जातात. लावणं, मधली दुरुस्ती, जानेवारीत काढणं आणि वर्षभर सांभाळून ठेवणं, हे सगळं एकाच पॅकेजमध्ये. म्हणजे तो जोडधंदा आहे. शिवाय तिकडे ऑक्टोबरपासून डिसेंबर उजाडेपर्यंत लावायला वेळ मिळतो. तिथे उतरत्या छपराच्या पन्हळीला क्लिपा अडकवतात आणि वीज १२० व्होल्टची असते. आपल्याकडे सपाट गच्ची, सिमेंटचा कठडा आणि २३० व्होल्ट. त्यामुळे फ्रँचायझी देणारी कंपनी जे 'ट्रेनिंग मॅन्युअल' दाखवेल ते उघडून पाहा. पन्हळीच्या क्लिपांचीच चित्रं असतील तर त्या पुस्तकाचे पैसे देऊ नका.

आता हिशेब. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या तालुक्याचे घालून परत मांडा. तीन माणसांची एक टीम, दिवसाला दोन बंगले, १५ दिवसांत ३० घरं. घरामागे ८,००० रुपये धरले तर २,४०,००० जमा. लावायची मजुरी ३ माणसं × ८०० × १५ दिवस, म्हणजे ३६,०००. काढायला सात दिवस, १६,८००. माल तुमचा आणि भाड्याने दिलेला. घरामागे ३,५०० चा माल तीन हंगाम टिकेल असं धरलं तर वर्षाला ३० घरांचे ३५,०००. गाडी १५,०००. इथवर खर्च १,०२,८०० आणि शिल्लक १,३७,२००.

यातून कंपनीचा वाटा काढू. रॉयल्टी जमेच्या ८ टक्के आणि जाहिरात निधी २ टक्के म्हणजे २४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०. फ्रँचायझी फी ३ लाख, जीएसटीसह ३,५४,०००. करार पाच वर्षांचा असेल तर वर्षाला ७०,८००. शिल्लक ३८,०८०. माल ठेवायच्या खोलीचं महिना २,००० भाडं गेलं की हातात १४,०८० राहतात, आणि तुमची स्वतःची मेहनत अजून कुठे मोजलेलीच नाही. दोन टीम असतील तर याच पद्धतीने सुमारे १,२३,००० उरतात. म्हणजे दुसरी टीम उभी राहत नसेल तर फ्रँचायझी परवडत नाही. आणि त्या दिवसांत हात चालणारा वायरमन मिळणं सर्वांत कठीण, कारण मंडप-डेकोरेशनवाल्यांनी त्याला नवरात्रापासूनच बांधून घेतलेला असतो. फीचा चेक लिहिण्याआधी दुसऱ्या टीमचा मुख्य माणूस ठरवा, उचल द्या, मग पुढे जा.

जीएसटीचा एक मुद्दा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. केवळ सेवेच्या धंद्यात उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नाही म्हणजे फीवर भरलेला कर परतही मिळत नाही. वरच्या उदाहरणात फीवरचे ५४,००० थेट तुमच्या खिशातून जातात. सीएला हे आधी विचारा.

सण दरवर्षी सरकतात, हेही करारात बसवायला हवं. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दिवाळी लवकर आली की लावायचे दिवस परतीच्या पावसात सापडतात आणि १५ पैकी दोन-तीन दिवस सहज वाया जातात. करारात 'हंगाम १५ ऑक्टोबर ते १५ जानेवारी' असं छापलेलं असेल तर गणपती त्याबाहेर राहिले, काही वर्षी नवरात्र आणि दसराही. ही व्याख्या ख्रिसमसवरून उचललेली असते. ती तिथीप्रमाणे बदलून घ्या.

खान्देशात काम फक्त दिवाळीचं नसतं, ही आपली जमेची बाजू. श्रावणात कानबाई बसते त्या घरांवर माळा लागतात, मग गणपती, गरब्याची मैदानं, दिवाळी, तुळशीचं लग्न, जळगावात कार्तिकी एकादशीचा रथ, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि पुढे लग्नसराई. लग्नघराची लायटिंग मात्र बहुतेक मंडपवाल्याच्या बिलात असते, तिथे स्वतंत्रपणे शिरणं अवघड. मंडपवाल्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्याला माल आणि माणसं भाड्याने देणं बरं. अशी कामं करारात चालतात का आणि त्यावर रॉयल्टी लागते का, हे लिहून घ्या. काही करारांत तुमच्या नावावर झालेली कोणतीही लायटिंग कंपनीच्या हिशेबात धरतात.

पैसे येण्याची वेळही इथली वेगळी. कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येऊ लागतो आणि पैसा त्यानंतर. 'कापूस विकला की देतो' असं सांगणारं गिऱ्हाईक बुडवणारं नसतं, पण रॉयल्टी महिन्याच्या महिन्याला भरायची असेल तर ती तुमच्या खिशातून जाते. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पैसा वर्षभर फिरता असतो, तिथे निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. निम्मी लावताना आणि उरलेली काढायच्या आधी, असं ठेवा. काढून झाल्यावर वसुली फार लांबते.

आता मालाविषयी, कारण तोटा बहुतेक इथेच होतो. समोर ३० फूट आणि दोन्ही बाजू ४० फूट असा बंगला धरला तर कठड्याला ११० फूट, म्हणजे साधारण ३४ मीटर माळ लागते. दहा टक्के जादा धरा. २३० व्होल्टची एलईडी पट्टी खुणेवरच कापायची. खूण सोडून कापली तर तेवढा तुकडा पेटत नाही. कापलेल्या टोकाला कॅप आणि सिलिकॉन हवंच, पाणी तिथूनच शिरतं. सिलिकॉन 'न्यूट्रल क्युअर' घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तांब्याला गंज चढवतं, आणि पुढच्या वर्षी तीच माळ मधूनच बंद पडते.

१२ व्होल्टच्या पट्टीचं गणित वेगळं. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० (५ × ५ मिलिमीटरच्या एलईडीची) पट्टी सुमारे १४.४ वॅट प्रति मीटर खाते, म्हणजे पाच मीटरला ७२ वॅट आणि ६ अँपियर. तिला १०० वॅटचा सप्लाय (घरची वीज १२ व्होल्टवर आणणारं उपकरण) द्या, ७५ चा नको. काठोकाठ भरलेला सप्लाय तापून जातो. पाच-पाच मीटरचे दोन रोल सलग जोडून एकाच टोकाने वीज दिली तर शेवटचं टोक मंद दिसतं. दर पाच मीटरला वेगळी वायर न्यावी लागते. सप्लायला डबा आणि हवा दोन्ही लागतात, तो ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका.

कठड्यावर ड्रिल मारू नका. गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटलं तर पावसाळ्यात गळतीचं खापर तुमच्यावर फुटेल. दोन टोकांना जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ताणून तिला माळ काळ्या केबल टायने बांधा. पांढरे टाय उन्हात लवकर तुटतात. चिकटपट्टीचे क्लिप धुळीच्या डिस्टेंपरवर दोन दिवस टिकत नाहीत.

प्रत्येक घराला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि ६ अँपियरची एमसीबी (लोड जास्त झाला की तोडणारा स्विच) असलेला स्वतःचा बोर्ड लावा, घरातल्या जुन्या सॉकेटवर विसंबू नका. वायर बोर्डात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी तिथून टपकतं. पावसात आरसीसीबी पडू लागली की टीममधली मुलं ती बायपास करून मोकळी होतात. तसं करणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढा, यात सवलत नको. ओला जोड शोधायला सोपं जावं म्हणून पुढची बाजू आणि गच्ची वेगवेगळ्या लाइनीवर ठेवा.

मंडळांची कामं घेणार असाल तर महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन मंडळाच्या नावावर आहे की नाही ते पाहूनच माल उतरवा. आकडा टाकला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी होते, आणि त्या लाइनीवर माळा तुमच्या असतात. थ्री फेजवर न्यूट्रल सैल असेल तर एखाद्या फेजवर व्होल्टेज खूप चढतं आणि एका रात्रीत सगळा माल जळतो. मंडपाचा मुख्य बोर्ड जोडल्यावर तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा, मगच माळा लावा.

काढताना प्रत्येक माळ अर्धा तास पेटवून पाहा, बिघडलेली तिथेच वेगळी काढा. घराचं नाव आणि लांबीचा कच्चा नकाशा लावलेला एक क्रेट, एका घराला एक. पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात पीव्हीसी चिकट होतं आणि उंदीर वायर कुरतडतात. स्लॅबखालची खोली घ्या, भाडं जास्त असलं तरी.

करार वाचताना एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावं लागतं. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, मुख्य आधार भारतीय करार कायदा १८७२ चा. म्हणून ती माहिती आपणच मागायची: किती फ्रँचायझी चालू, किती बंद पडल्या, आणि बंद केलेल्यांचे नंबर. चालू असलेल्यांपेक्षा बंद केलेल्यांशी बोलणं जास्त उपयोगाचं. क्षेत्र तालुक्यानुसार लिहून घ्या. नुसतं 'जळगाव' लिहिलं तर शहर की जिल्हा यावर वाद होतो. किमान रॉयल्टी, कंपनीकडूनच माल घ्यायची सक्ती आणि त्याचे दर, ट्रेडमार्क खरोखर नोंदलेला आहे का, वाद कुठल्या शहरात चालेल, गिऱ्हाइकांची यादी कुणाची, हे पाहा. करार संपल्यावर हाच धंदा करू नये अशी अट सहसा असते. करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती कोर्टात टिकणं अवघड, पण नोटीस येऊन त्रास होतोच, तेव्हा ती आधीच खोडून घ्या.

फी देण्यासारखी कंपनीही असते. तिच्याकडून शोरूमच्या साखळीची तुमच्या जिल्ह्यातली कामं येत असतील, हंगामात जळालेला माल ४८ तासांत बदलून मिळत असेल आणि पिक्सेलचं (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणाऱ्या माळांचं) डिझाइन तयार होऊन येत असेल, तर वरच्या ७०,८०० चा हिशेब बदलतो. या तिन्ही गोष्टी लेखी मागा. लेखी देत नसतील तर यंदा ब्रँडशिवाय दहा घरं घ्या, ८०० मजुरी आणि दिवसाला दोन घरं हे आकडे तुमच्या गावात खरे ठरतात का ते वहीत लिहा, आणि ती वही घेऊन पुढच्या पावसाळ्यात कंपनीशी बोला.