अजान झाली की शटर खाली

रियाधला राहायला गेल्यावर पहिली गोष्ट शिकले ती ही की बाजारात जायचं ते नमाजच्या वेळा बघून. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, ईशाची, रात्रीच्या नमाजची, अजान दीड तासाने, रमजानमध्ये दोन तासांनी, आणि तेव्हा दरवेळी दुकानं अर्धा तास तरी बंद असायची, म्हणजे संध्याकाळी खरेदीला हातात राहायचा जेमतेम तास. एकदा लेक तापाने फणफणलेली, औषधाच्या दुकानात माझ्यापुढे फक्त एकजण होता आणि अजान झाली. शटर खाली. तिला मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर बसून राहिले, दुकानदार बिचारा सॉरी सॉरी म्हणत होता पण करणार काय, मुतव्वांची, म्हणजे धार्मिक पोलिसांची, जीप कधी येईल सांगता यायचं नाही. ‘सलाह, सलाह’, म्हणजे नमाज, नमाज, असं ओरडत फिरायचे ते. लोकांना पकडायचा त्यांचा अधिकार 2016 मध्ये काढून घेतला, तेव्हा कुठे भीती थोडी कमी झाली.

त्या रात्री नवरा शिफ्टला होता आणि घरी गाडी नुसती उभी होती! बाई म्हणून मला तिथे चालवताच यायची नाही. खरं तर ट्रॅफिकच्या कायद्यात बायकांना बंदी असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, फक्त लायसन्स द्यायचे नाहीत. शेजारची सौदी बाई शिक्षिका, तिच्या पगारातला केवढा तरी भाग ड्रायव्हरवर जायचा, आणि ती म्हणायची की हे दीन, म्हणजे धर्म, नाही गं, ही माणसांनी लावलेली कडी आहे. मला तेव्हा ते नीट कळलं नाही, आता कळतं, कारण धर्म तोच राहिला आणि कडी निघाली की.

24 जून 2018 ला बायका अधिकृतपणे गाडी चालवायला लागल्या. पण ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला त्यातल्या कितीतरी जणींना महिनाभर आधीच, मे मध्ये, उचललं होतं. त्यांच्यातलीच लुजैन अल हथलूल तर 2021 च्या फेब्रुवारीत सुटली. हे मला अजून पचत नाही.

2021 च्याच जुलैमध्ये नमाजच्या वेळीही दुकानं उघडी ठेवायला परवानगी मिळाली. शेजारणीने फोन करून सांगितलं, ती स्वतःच्या गाडीने जाऊन औषधं घेऊन आली होती, इतकी खूश! मी लुजैनबद्दल विचारलं तर म्हणाली, लेक कशी आहे तुझी, कितवीत गेली?