इमोजेन हीप घरच्या घरी: मुक्काम 2005

ब्रिटिश गायिका-संगीतकार इमोजेन हीपच्या प्रत्येक अल्बममधलं एक गाणं, ज्या क्रमाने ते आले त्याच क्रमाने, घरच्या साधनांवर उभं करायचं हा माझा उद्योग ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी ताजी खबर: मी 2005 सालात पोहोचले आहे आणि ‘हाइड अँड सीक’पाशी मुक्काम पडला आहे. मुक्काम बराच लांबलाय. पण या एका गाण्याने जे शिकवलं ते आधीच्या दोन अल्बमांनी मिळूनही शिकवलं नव्हतं.

नव्याने आलेल्यांसाठी मागचं थोडक्यात. 1998 चा ‘आय मेगाफोन’ म्हणजे पियानो आणि गिटारवर तोललेला, धुमसणारा अल्बम. त्यातलं ‘कम हियर बॉय’ मी पियानोवर बसवलं, ते झालं. मग निर्माता गाय सिग्जवर्थबरोबरची जोडी ‘फ्रू फ्रू’ आणि तिचा 2002 चा अल्बम ‘डिटेल्स’. हा अल्बम तेव्हा फारसा चालला नाही. त्यातलं ‘लेट गो’ 2004 च्या ‘गार्डन स्टेट’ सिनेमात आलं आणि लोक उलटा शोध घेत तिच्यापर्यंत पोहोचले. त्या गाण्याचे तंतुवाद्यांचे थर माझ्या लॅपटॉपवर ठीक जमलेत, पुढे कधीतरी परत हात फिरवीन.

आता खरी गोष्ट. तिची पहिली रेकॉर्ड कंपनी ‘आल्मो साउंड्स’ मोठ्या कंपनीला विकली गेली, दुसऱ्या प्रयत्नाची, म्हणजे ‘फ्रू फ्रू’ची, ही अशी गत झाली. त्यानंतर तिने स्वतःचा फ्लॅट पुन्हा गहाण टाकून पैसे उभे केले, एक वर्षाची मुदत स्वतःच घालून घेतली आणि ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’ एकटीने लिहिला, गायला, रेकॉर्ड केला. लेबलही स्वतःचंच काढलं. शाळेत असताना अटारी कम्प्युटरवर संगीत जुळवायला ती आपलीआपण शिकली होती. पियानो, चेलो आणि क्लॅरिनेटचं रीतसर शिक्षण एकीकडे आणि ही एकलव्याची विद्या दुसरीकडे. या अल्बमात दोन्ही एका हातात आलेली ऐकू येतात.

याच अल्बममधलं ‘हाइड अँड सीक’ कसं झालं ते तिने मुलाखतीत सांगितलं आहे. स्टुडिओतला कम्प्युटर बिघडला. काहीतरी केल्याशिवाय घरी जायचं नाही म्हणून तिने फळीवर पडलेलं डिजिटेक कंपनीचं व्होकल हार्मनायझर (गाणाऱ्याच्या आवाजातून जोडीचे सूर काढणारं यंत्र) काढलं, त्याला माइक आणि कीबोर्ड जोडला आणि चार ट्रॅकच्या मिनीडिस्क रेकॉर्डरचं बटण दाबलं. पहिल्या ओळी त्याच बैठकीत तोंडून निघाल्या. ढोल नाहीत, बास नाही, गिटार नाही. एक गळा, आणि त्या गळ्याच्या, कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजणाऱ्या सावल्या.

मी सुरुवात व्होकोडरने केली, कारण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तो आयता होता. त्यातून तो ध्वनी येत नाही, आणि का येत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. व्होकोडरमध्ये मूळ आवाज सिंथचा असतो. आपल्या गळ्याने फक्त त्याला उच्चारांचा आकार द्यायचा. हार्मनायझरमध्ये आवाज आपलाच राहतो, फक्त त्याची उंची बदलून कीबोर्डवर दाबलेल्या सुरांवर नेली जाते. म्हणून या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ची धार, ओठांचा ओलावा, ओळ संपतानाचा थकवा, सगळं शाबूत आहे. आता मिडीवर, म्हणजे कीबोर्डने कम्प्युटरला पाठवलेल्या सुरांच्या संकेतांवर, चालणारा हार्मनायझर प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घेतलाय. आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने (सॅम्पल रेट) घेताना बफर, म्हणजे कम्प्युटर एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, 128 वर ठेवलाय, म्हणजे एका फेरीत साधारण 3 मिलिसेकंदांचा उशीर. प्लगइनचा स्वतःचा उशीर त्यात मिळवावा लागतो, तरी गाता येतं. बफर वाढवला की गळा आणि बोटं एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय ढिली पडते.

दुसरी कळीची गोष्ट: तिने यंत्र चार आवाजांवर ठेवलं होतं. दहा बोटांनी दहा पट्ट्या दाबल्या तरी एका वेळी चारच सूर निघणार. मी प्लगइनची पॉलिफोनी (एका वेळी निघणाऱ्या सुरांची संख्या) आठवरून चारवर आणली आणि गाणं मोकळं झालं. आठांत नुसता गजर होता. चारांत प्रत्येक सुराला काम असतं. पाचवी पट्टी दाबली की आधीचा एखादा सूर गळतो, आणि तो गळण्यातून एक नवीच चाल तयार होते. स्वरमेळ बदलताना मधला एखादा सूर धरून ठेवायचा आणि बाकीचे भोवती हलवायचे, एवढं एक तंत्र हाताला लागलं तरी अर्धं गाणं सापडतं.

मी लहानपणापासून पेटी वाजवते. डावा हात आयुष्यभर भाता सांभाळत आला, त्यामुळे दोन्ही हातांनी स्वरमेळ धरायला त्याला वेळ लागतोय. पण त्याच पेटीने मला या गाण्याची वाट दाखवली. भात्यात हवा नसेल तर पट्टी कितीही दाबा, सूर निघत नाही. इथेही तसंच आहे: सगळी बोटं पट्ट्यांवर आहेत, आणि गाणारी थांबली की सगळा समूह एकदम गप्प. या गाण्यातल्या त्या मोठ्या रिकाम्या जागा तिथून येतात. म्हणूनच याला ‘यंत्राचं गाणं’ म्हणणाऱ्यांशी मी मनापासून असहमत आहे. इतकं श्वासावर चालणारं पॉप गाणं मला दुसरं माहीत नाही. माझा सध्याचा रियाज याच गोष्टीचा आहे: ओळीच्या शेवटी श्वास सोडतानाच बोटं पुढच्या स्वरमेळावर नेऊन ठेवायची, म्हणजे पुढचा शब्द पूर्ण भरलेला उमटतो. पहिला अर्धा भाग आता सलग होतो. मध्ये जिथे ती एकदम वरच्या सप्तकात जाते तिथे माझ्या चार सावल्या किनऱ्या होतात. तिथे खालचे दोन आवाज एक सप्तक खाली नेऊन पाहतेय, परिणाम आशादायक आहे.

या गाण्याचं पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. मे 2005 मध्ये ‘द ओसी’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात ते वाजलं, आणि 2009 मध्ये जेसन डेरुलोच्या ‘व्हॉटचा से’ने त्याचा तुकडा घेऊन अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. त्याच अल्बममधलं ‘गुडनाइट अँड गो’ एरियाना ग्रांडेने 2018 मध्ये आपल्या पद्धतीने गायलं. मला यात आनंद वाटतो तो एवढ्यासाठी की हे सगळं त्या एकटीने कर्ज काढून केलेल्या वर्षातून आलं.

पुढचा थांबा 2009 चा ‘एलिप्स’. एसेक्समधल्या आपल्या बालपणीच्या घराच्या तळघरात स्टुडिओ करून तिने तो बनवला आणि ध्वनिमुद्रणासाठीचं ग्रॅमी मिळवलं. त्यातलं ‘फर्स्ट ट्रेन होम’ निवडलंय. मग 2014 चा ‘स्पार्क्स’, जो तिने 2011 पासून एकेक गाणं करत जोडला. आपल्याकडच्यांसाठी त्यातलं ‘माइंड्स विदाउट फिअर’ खास: ‘द ड्युअरिस्ट्स’ या कार्यक्रमासाठी मुंबईच्या विशाल-शेखरबरोबर केलेलं. पण मी घेणार आहे ‘लाइफलाइन’, कारण ते तिने श्रोत्यांनी पाठवलेल्या रोजच्या आवाजांवर उभारलं होतं. त्यासाठी आतापासून साठा करतेय: जिन्याच्या लोखंडी कठड्याचा नाद, खलबत्ता, पावसाळी पन्हळ. तुम्हीही एखादा कोरडा, प्रतिध्वनी नसलेला आवाज पाठवा, दोनतीन सेकंद पुरे. 24 बिट वेव्ह फाइल असेल तर उत्तम.

‘स्पार्क्स’मधल्याच ‘मी द मशीन’साठी तिचे ते ‘मिमु’ हातमोजे लागतात, ज्यांत बोटांचं वाकणं आणि मनगटाचं वळणं सेन्सर टिपतात. माझ्याकडे ते नाहीत. फोनमधला जायरोस्कोप (फोन कसा वळला ते टिपणारा सेन्सर) मिडीला जोडून निदान मनगटाचं वळण मिळवता येईल असं वाटतंय. कोणी असं केलं असेल तर कोणतं अ‍ॅप वापरलं आणि वायफायवर उशीर किती जाणवला, तेवढं कळवा.