फ्लूच्या साथीसाठी आमच्या कारखान्याची तयारी : माझा अनुभव

रबाळे एमआयडीसीत फळांचा गर आणि सरबते बनवणाऱ्या ६४ कामगारांच्या कारखान्यात मी प्रशासनाचे काम पाहते. गेल्या पावसाळ्यात एक कामगार ताप अंगावर काढून कामावर येत राहिला आणि आठवडाभरात भरणी विभागातले पाच जण अंथरुणाला खिळले. सुट्टी का घेतली नाही असे विचारल्यावर तो म्हणाला, “मॅडम, एक खाडा झाला की हजेरी बक्षीस जातं.” ते एक हजार रुपयांचे बक्षीस मीच दर महिन्याला मंजूर करत होते, त्यामुळे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्या-मुंबईतल्या शाळा काही दिवस बंद होत्या. तशी वेळ पुन्हा आली तर आजारी माणसांबरोबर लहान मुलांच्या आयाही घरी राहतील, हे धरून मी मस्टर उघडले आणि ज्या कामांवाचून कारखाना बंद पडेल त्या प्रत्येक कामापुढे ते येणाऱ्या माणसांची नावे लिहिली. बॉयलरपाशी पेन थांबले. प्रमाणपत्रधारक अटेंडंटशिवाय तो चालवता येत नाही. आमच्याकडे असे दोघेच, आणि ते घणसोलीत एकाच खोलीत राहतात, एकाच मोटारसायकलवरून येतात. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग पसरवू शकतो, म्हणजे एकाला ताप आल्याचे कळेपर्यंत दुसऱ्याला लागण झालेली असू शकते. शेजारच्या कारखान्याशी बोलून अडीअडचणीला एकमेकांचे अटेंडंट पाठवण्याचे आम्ही लेखी ठरवले आणि आमच्या एका मदतनिसाला परीक्षेच्या तयारीला लावले.

सर्वांत जास्त वेळ पगाराच्या प्रश्नाने घेतला. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो, पण साधारणपणे पहिल्या दोन दिवसांचा मिळत नाही, आणि माणूस नेमका त्याच दोन दिवसांत कण्हत कामावर येतो. ते दोन दिवस कंपनीने भरावेत, तापाच्या रजेने हजेरी बक्षीस बुडू नये आणि पहिल्या तीन दिवसांसाठी डॉक्टरांचा दाखला मागू नये, असे मी सुचवले. मालकांना गैरफायद्याची भीती होती. भरणीची लाइन एक दिवस बंद राहिल्याचा तोटा आणि पाच जणांचा दोन दिवसांचा पगार शेजारी शेजारी मांडून दाखवल्यावर, तीन आठवड्यांनी, त्यांनी सही केली.

पावसाळ्यापूर्वी इच्छुकांना फ्लूची लस दिली. मात्र नव्या विषाणूवरची लस तयार व्हायला काही महिने जातात, म्हणून आराखडा लसीच्या भरवशावर ठेवला नाही. पाळ्यांच्या मधे अर्ध्या तासाचे अंतर ठेवले, जेणेकरून कपडे बदलण्याच्या खोलीत दोन पाळ्यांची गर्दी होणार नाही.

शेवटी एका बुधवारी चिठ्ठ्या टाकून २० जणांना गैरहजर मानले आणि भरपगारी कॅन्टीनमध्ये बसवले. उत्पादन रडतखडत चालले, पण दुपारी भरलेला टेम्पो गेटवर उभा राहिला, कारण माल पाठवताना ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलाचा पासवर्ड चिठ्ठी निघालेल्या एकट्या कारकुनालाच ठाऊक होता आणि माझ्या कागदावर ते काम नव्हतेच. त्या संध्याकाळी दुसऱ्या कारकुनासाठी स्वतंत्र लॉगिन घेतले आणि मस्टर पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला घेतले.