पाच मिनिटांचं काम

मुलगा कमरेपर्यंत मिक्सरमध्ये वाकला होता आणि त्याचं लाल कुलूप त्याच्याच पट्ट्याला अडकवलेलं होतं. झोपायला आडवी झाले की अजून तेच दिसतं. मिक्सरही नाही आणि मुलाचा चेहराही नाही, फक्त ते पट्ट्याला लटकणारं कुलूप.

मी यंत्रदुरुस्ती शिकवते. आमची मुलं शेवटच्या वर्षी दोन महिने कारखान्यांत अनुभवासाठी जातात. त्यांना जागेवर जाऊन भेटायचं काम माझ्याकडे आहे. आधी कळवून गेलं की सगळी मुलं नव्या कोऱ्या हेल्मेटमध्ये एका रांगेत उभी दिसतात, म्हणून मी न कळवता जाते. जाते तीही पाळी संपता संपता. त्या वेळी सफाई चाललेली असते, अडकलेला माल काढणं चाललेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच यंत्रांची गार्डं, म्हणजे संरक्षक झाकणं, उघडी असतात. यंत्र चालू असताना सगळेच लांब उभे राहतात. बंद यंत्राजवळ मात्र माणूस निर्धास्त जातो.

त्या दिवशीचा तो मिक्सर म्हणजे रिबन ब्लेंडर होता. आडवी, तळाला गोल अशी टाकी, आत एक दांडा, आणि त्यावर दोन पोलादी फिती एकमेकींच्या उलट वळणाने चढवलेल्या. बाहेरची फीत माल एका बाजूला नेते, आतली दुसऱ्या बाजूला. फीत आणि टाकीची भिंत यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरची फट असते. ही फीत फार वेगाने फिरत नाही, म्हणून बघणाऱ्याला गरीब वाटते. पण गिअरबॉक्समुळे तिला असा जोर मिळतो की वाटेत माल आला काय आणि हात आला काय, तिला फरक पडत नाही. मुलगा हातात खरवडणी घेऊन त्या फितीवर चिकटलेला माल काढत होता.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर तो दचकला असता आणि तोल सावरायला त्याने फितीचाच आधार घेतला असता. आयसोलेटर, म्हणजे यंत्राची वीज मुळातून तोडणारा स्विच, भिंतीवर माझ्यापासून चार पावलांवर होता. दांडी वर होती, म्हणजे वीज चालूच. ती खाली ओढली, माझं स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग जवळ जाऊन म्हटलं, "बाळा, हात बाहेर घे. सावकाश." माझा आवाज नीट निघाला. पाय मात्र नंतर बराच वेळ थरथरत होते.

यंत्र बंद होतं ते फक्त पॅनेलवरचं स्टॉप बटण दाबून. हे मला नीट सांगू द्या, कारण चांगली शिकलेली माणसंही इथेच फसतात. स्टॉप बटणाने वीज जात नाही. त्याने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सुटतो इतकंच; त्याच्या वरच्या टोकांपर्यंत वीज येऊन उभीच असते. दुसरीकडून कोणी स्टार्ट दिला, वायरिंगमध्ये दोष झाला किंवा ऑटोवर टाकलेल्या यंत्राला वरून हुकूम आला, की कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो आणि यंत्र फिरू लागतं. पिवळ्या पाठीवरच्या लाल आपत्कालीन बटणाचीही हीच गत. ते संकटात यंत्र थांबवण्यासाठी आहे, आत हात घालायची परवानगी म्हणून नाही.

हात घालायचा तर आयसोलेटर खाली आणि त्यावर कुलूप. ज्याचा हात आत जाणार, त्याचंच. चौघे काम करणार असतील तर हॅस्प, म्हणजे एकाच जागी अनेक कुलपं अडकवायची कडी, लावून चार कुलपं, आणि शेवटचं निघेपर्यंत यंत्र मेलेलं. कुलूप लावून झालं की स्टार्ट बटण दाबून पाहायचं. यंत्र हललं नाही, तरी टेस्टर लावायचा. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग इथे लावायचा, मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो मेलेली लाइन आणि जिवंत लाइन सारखीच दाखवतो. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण, असेल तर त्याच्या कपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत, पाटीवर लिहिली असतील तितकी मिनिटं थांबायचं. हवेच्या नळीतला दाब सोडायचा. वर उचललेला भाग असेल तर त्याला टेकू द्यायचा. एवढं सगळं माझी मुलं झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवतात. हा मुलगा तर वर्गात दुसऱ्यांना समजावून सांगायचा.

टाकीच्या झाकणाला सुरक्षा स्विच होता. झाकण उघडलं की यंत्र बंद, अशी ती व्यवस्था. त्यावर कोणीतरी लोहचुंबक ठेवून चिकटपट्टी मारली होती, म्हणजे झाकण उघडं असलं तरी स्विचला ते मिटलेलंच वाटणार. साध्या चुंबकी स्विचला फसवणं इतकं सोपं असतं. चिकटपट्टीच्या कडा धुळीने काळ्या पडल्या होत्या. काल-परवाचं काम नव्हतं ते.

मी हे सगळं बघत असताना वरच्या मजल्यावरून ऑपरेटर खाली आला. त्याच्या स्क्रीनवर मिक्सरचा फॉल्ट दिसला होता. यंत्र ऑटोवर होतं आणि पुढची बॅच घेण्याची त्याची तयारी चालली होती. आत कोणी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो मुलाकडे बघत राहिला आणि मग तिथेच पायरीवर बसला.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्यानेच मुलाला वेल्डिंगचा हात बसवून दिला होता, स्वतःचे बूट वापरायला दिले होते. तो म्हणाला, "मॅडम, इथे सगळे असंच करतात. आजवर काही झालेलं नाही." आजवर काही झालेलं नाही, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की माझ्या लेखी धोक्याची पहिली खूण तीच.

मुलाला बाजूला नेलं. रागावणारच होते. तो म्हणाला, "मॅडम, मी विचारलं होतं कुलूप लावू का म्हणून. साहेब म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे." मग खाली बघत म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, जिथे जाल तिथल्या लोकांचं ऐका, उलट बोलू नका, संस्थेचं नाव खाली जाऊ देऊ नका."

सांगितलं होतं. दर वर्षी निघायच्या आदल्या दिवशी सांगते. आधी तासभर कुलपांचं, गार्डांचं, हेल्मेटचं बोलते, आणि शेवटी निरोप देताना हे. मुलांच्या लक्षात शेवटचं राहिलं.

त्याच दिवशी त्याला परत आणलं आणि अहवाल लिहायला बसले. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं पडलं की लेखी कशाला, फोनवर बोलून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी मुलांना जागा कोण देणार. जागा मिळत नाहीत हे खरंच आहे. पण आपण मुलांना जागा मिळवून देतो म्हणजे नक्की कुठे नेऊन सोडतो, हे लिहून ठेवायला आपणच घाबरणार असू तर त्या भेटींना काय अर्थ उरतो? मी लेखीच दिलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा किमान वयाचा करार आहे, क्रमांक १३८. धोक्याच्या कामासाठी त्यात वय १८ धरलं आहे. सोळाव्या वर्षापासून सूट देता येते, पण मुलांच्या सुरक्षेची पूर्ण हमी असेल आणि त्या कामाचं नेमकं शिक्षण दिलेलं असेल तरच. आमचा मुलगा १७ वर्षांचा. शिक्षण दिलं होतं. हमी कोणी घेतली होती?

अहवाल लिहिताना मूल्यमापनाचा फॉर्म समोर होता. त्यात 'सूचनांचे पालन' याला दहा गुण आहेत. धोका ओळखून थांबण्याला एकही नाही. तो रकाना बघितला आणि दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली. गार्ड काढलेल्या प्रेस यंत्रावर बसायला तिने नकार दिला होता. कारखान्याने त्या रकान्यात तिला तीन गुण दिले आणि शेरा लिहिला, 'सहकार्य करत नाही'. तेव्हा मी काय केलं? तिला बोलावून समजावलं, की थोडं जमवून घ्यायला शिक, बाहेरचं जग असंच असतं. ती ऐकून घेऊन गेली. काहीच बोलली नाही.

परवा तिला फोन केला. माझं चुकलं, हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "तो मुलगा ठीक आहे ना?" आणि नंतर म्हणाली, "मॅडम, त्या शेऱ्यानंतर पुढच्या ठिकाणी मी कधीच नाही म्हटलं नाही." यावर मला काय बोलावं सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

मैदानी शिबिरांना जाणारे सहकारी म्हणतात, तुमच्यापेक्षा आमचं अवघड, आमच्याकडे नदी असते, कडे असतात. पण तिथे मुलं मोजली जातात, दर वळणाला. आणि तिथलाही इतिहास हेच सांगतो. इंग्लंडमध्ये लाइम बे इथे मार्च १९९३ मध्ये शाळेच्या सहलीतली चार मुलं कयाकसह समुद्रात वाहून गेली आणि मरण पावली. त्यानंतर १९९५ मध्ये तिथे अशा साहस केंद्रांसाठी खास कायदा झाला. मला त्यातली एकच गोष्ट विसरता येत नाही. त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी सुरक्षेच्या कारणावरून नोकरी सोडली होती आणि धोक्याचं पत्रही केंद्राला गेलं होतं. नाही म्हणणारं माणूस होतं. त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं.

या वर्षी मी निरोपाचं भाषण बंद केलं. त्याऐवजी वर्कशॉपमध्ये सराव घेते. जुना मिक्सर, त्यात खरोखर अडकलेला माल, आणि सुपरवायझर मी. चढ्या आवाजात म्हणते, "अरे पाच मिनिटांचं काम आहे, घाल हात, पुढची बॅच थांबलीय." पहिल्या दिवशी २२ पैकी चौघे थांबले. बाकीच्यांनी हात घातला, त्यात वर्गात पहिली येणारी मुलगीही होती. सगळ्यांना नियम तोंडपाठ होते. मोठ्या माणसाच्या तोंडावर "नाही" म्हणणं त्यांच्या जिभेला येतच नाही. मग आम्ही मिळून असं वाक्य शोधलं, ज्यात तो शब्द लागत नाही: "हो, कुलूप लावून लगेच करते." ते मात्र जमतं. दुसऱ्या दिवशी तेरा जण थांबले.

मिक्सरवाला मुलगाही या सरावाला येतो. मदतनीस म्हणून मीच त्याला घेतलंय. काल त्याला म्हटलं, तू करून दाखव. त्याने आयसोलेटर खाली ओढला, पट्ट्याचं कुलूप काढलं, आणि ते भोकात घालण्याआधी वळून माझ्याकडे पाहिलं. लावू का, असं.