फेअरव्ह्यूच्या टेंपलला हरकत घेताना: माझा अनुभव

आधीच सांगते, माझी हरकत कुणाच्या धर्माला नव्हती, उंचीला होती. आम्ही टेक्सासमधल्या फेअरव्ह्यूला राहतो. आमच्या भागात एकेक एकराचे प्लॉट आणि बांधकामाची मर्यादा 35 फूट. तिथे स्टेसी रोडला मॉर्मन चर्चने (हा एक ख्रिस्ती पंथ) टेंपल, म्हणजे त्यांचं खास पवित्र मंदिर, बांधायचं ठरवलं. पहिल्या प्रस्तावात इमारत सुमारे 44,000 चौरस फुटांची आणि शिखर जवळजवळ 174 फुटांचं. आमच्या परसातलं पेकानचं झाड 40 फुटांचं असेल. तशी चार झाडं एकावर एक ठेवली तरी शिखराचं टोक वर उरतं. मुलीला मी हे असंच समजावलं.

मे 2024 मध्ये गावाच्या नियोजन समितीने नकाराची शिफारस केली. आता प्रश्न टाउन कौन्सिलपुढे जाणार होता. टेक्सासच्या कायद्यात एक तरतूद आहे: झोनिंग (कुठल्या जागेत काय बांधता येईल याचे नियम) बदलाच्या जागेपासून 200 फुटांच्या आतल्या जमिनीपैकी 20 टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी हरकत दिली, तर साधं बहुमत पुरत नाही, तीन चतुर्थांश मतं लागतात. आमचं घर त्या 200 फुटांत येत होतं. म्हणजे माझ्या सहीला वजन होतं. निदान मला तसं वाटत होतं.

सही करायला बसले आणि लक्षात आलं की सुनावणीच्या नोटिसा घरी दोन आल्या होत्या आणि दोन्ही नवऱ्याच्याच नावाने. घर घेताना कागद करणाऱ्या कंपनीने माझ्या नावाची वाट लावली होती. आपल्याकडे बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितात ना? त्यांनी माझं नाव गाळलं आणि पुढचं उचललं. नोंदीत घराचे मालक दोन, आणि दोघांचं नाव एकच! दहा वर्षं मी त्या घराचे हप्ते भरतेय.

हरकती गोळा करणाऱ्या गटात एक वकील बाई होत्या. त्या म्हणाल्या, "नाव जुळत नसेल तर समोरचे पहिल्यांदा तुमचीच सही बाद करायला सांगतील." मग कंपनीला फोन. त्या शाखेतली माणसं बदललेली. "जुनी फाइल मागवावी लागेल." आठवडा गेला. परत फोन केला तर "विनंती ईमेलने पाठवा." पाठवली. उत्तर आलं, "दोन्ही मालकांची संमती जोडा." दुसरा मालक कोण, तर नोंदीप्रमाणे पुन्हा नवराच. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, खरंच सांगते. कामावरून दोनदा सुट्टी घेऊन शाखेत गेले. दोन्ही वेळा खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि "मॅनेजर नाहीत" म्हणाली. टेंपलचं शिखर राहिलं बाजूला, मी माझं नाव मिळवायला भांडत होते.

शेवटी वाट काढली ती त्या वकील बाईंनीच. "ही दोन नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचं आणि मूळ खरेदीखताची प्रत जोडायची, कारण खतावर सही माझीच होती. माझ्या बँकेत नोटरी फुकट होता. वीस मिनिटांत काम झालं. तुमच्या अमेरिकेतल्या घराचं खत आज रात्रीच काढून बघा, नाव कसं लिहिलंय ते.

6 ऑगस्टला कौन्सिलने एकमताने नकार दिला. मी तीन मिनिटं बोलले. धर्माबद्दल एक अक्षर काढायचं नाही हे मनाशी पक्कं होतं. 2000 सालचा आरएलयूआयपीए नावाचा केंद्रीय कायदा धर्मस्थळांना जमीनवापराच्या नियमांत संरक्षण देतो. विरोधात धर्मद्वेषाचा वास जरी आला तरी कोर्टात गावाची बाजू पडते. उंची, रात्रीचे दिवे आणि रहदारी, एवढंच बोला. आणि समोरच्यांचा मुद्दाही माहीत असू द्या: जवळच्या मेथडिस्ट चर्चला पूर्वी 154 फुटी घंटामनोऱ्याची परवानगी मिळाली होती. तो कधी बांधला गेला नाही, पण परवानगी होती. हे मला ऐनवेळी कळलं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे चर्च खटल्याच्या तयारीला लागलं. छोट्या गावाला तो खर्च झेपणारा नव्हता. नोव्हेंबरमध्ये मध्यस्थी झाली, इमारत सुमारे 30,000 चौरस फुटांवर आली आणि शिखर 120 फुटांवर. 29 एप्रिल 2025 ला कौन्सिलने 5 विरुद्ध 2 मतांनी मंजुरी दिली. 120 फूट मला अजूनही पटत नाही.

आमच्या गल्लीतली एक मैत्रीण त्याच चर्चची आहे. माझं बाळंतपण झालं तेव्हा पंधरा दिवस तिने जेवण पोचवलं होतं. मंजुरीनंतर ती टपालपेटीपाशी भेटली. म्हणाली, "तू आमच्याविरुद्ध बोललीस, पण आमच्याबद्दल वाईट बोलली नाहीस." बांधून झालं की लोकार्पणाआधी सगळ्यांना आत बघायला सोडतात, नंतर फक्त त्यांच्या परवाना असलेल्या सदस्यांनाच. तिने मला तेव्हा यायचं बोलावणं दिलंय. मी जाणार आहे.

नोंदीतली दुरुस्ती मात्र त्या ऑगस्टच्या मतदानानंतर सात आठवड्यांनी घरी आली. पहिल्या ओळीत माझं नाव आहे.